कार्ट्रिज घरी भरावं, दुकानात द्यावं, की टँकवाला प्रिंटर घ्यावा?

काळ्या शाईची १०० मिलीची बाटली मला दीडशे रुपयांना मिळते. नवं काळं कार्ट्रिज हजाराच्या आसपास, आणि त्यात शाई किती? कॅननच्या पीजी-७४५ मध्ये ८ मिली. चहाचे दोन चमचेसुद्धा नाही. हे एकदा कळलं की माणूस उठतो आणि मेडिकलमध्ये सिरिंज मागायला जातो. मीही गेलो. ‘पेशंट कोण?’ या प्रश्नाला ‘प्रिंटर’ असं उत्तर दिल्यावर दुकानदार काहीच बोलला नाही, त्यावरून माझ्याआधी बरेच जण येऊन गेले असावेत.

पण ‘दीडशेच्या बाटलीत बारा कार्ट्रिज’ हा हिशोब फसवा आहे. खरा मांडून बघू. याच कार्ट्रिजची कंपनीने सांगितलेली क्षमता साधारण १८० पानांची, म्हणजे नवं आणून वापरलं तर पानाला साडेपाच रुपये. घरी भरलं तर शाई पडते पानाला सात-आठ पैशांची. मात्र या प्रकारच्या कार्ट्रिजमध्ये शाई उडवणारं हेड कार्ट्रिजलाच जोडलेलं असतं आणि ते झिजतं. माझं चार-पाचदा भरल्यावर रेघा मारू लागतं. म्हणजे एक नवं अधिक पाच वेळा भरणं, मिळून १,०८० पानं. खर्च हजार, वर शाई आणि सिरिंजचे ऐंशीएक रुपये. पानाला पडला एक रुपया. आठ पैसे नव्हे, पण साडेपाचही नव्हे. वह्या-नोट्स, हॉल तिकीट, सातबारा एवढंच छापायचं असेल तर हा रुपया मला मान्य आहे.

भरायचं काम दहा मिनिटांचं, घाई नसेल तर. खाली जुनं वर्तमानपत्र दुहेरी अंथरा. वरचं स्टिकर उचललं की भोकं दिसतात. सुई आतल्या स्पंजमध्ये खोल घाला आणि थेंब-थेंब सोडा. स्पंज शाई पितो, त्याला वेळ द्यावा लागतो. भोकाशी शाई चमकली की थांबायचं आणि थोडी परत ओढून घ्यायची. मग कार्ट्रिजचं तोंड ओल्या टिश्यूवर टेकवा. सलग काळी पट्टी उमटली तर जमलं. स्टिकर परत लावताना हवेची वाट बुजवू नका. मी पहिल्यांदा वरून पॅकिंगची टेप गच्च मारली आणि तिसऱ्या पानावर छपाई बंद पडली. आत हवा जात नव्हती, तर शाई बाहेर कशी येणार?

दोन चुका महागात पडतात. पहिली, पूर्ण कोरडं होईपर्यंत छापत राहणं. आतला बारीक हीटर तापतो, शाईचा बुडबुडा होतो आणि थेंब कागदावर उडतो. शाईच नसली की हीटर जळतो. अक्षर फिकं पडू लागताच भरा. (शाई तापवून उडवायची ही युक्ती सापडली तीही सुईमुळेच. १९७७ मध्ये कॅननच्या प्रयोगशाळेत शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला चुकून तापलेली सोल्डरिंग आयर्न लागली आणि टोकातून शाई उडाली. आपण सिरिंज घेऊन बसतो ते एका अर्थी घराण्याला धरूनच आहे.) दुसरी चूक शाईच्या जातीची. या काळ्या कार्ट्रिजमध्ये पिगमेंट शाई (बारीक रंगकणांची) असते, तर बाजारातल्या बऱ्याच स्वस्त बाटल्यांत डाय (पाण्यात विरघळणारा रंग) असते. ती चालते, पण काळं करडं दिसतं आणि ओला हात लागला की पसरतं. बाटलीवर ‘पिगमेंट’ लिहिलेलं बघूनच घ्या.

आणि चाचणी मराठी मजकुरावर करा. एखादं नोझल, म्हणजे हेडचं शाई सोडणारं बारीक छिद्र, बंद असलं की पानभर आडवी पांढरी रेघ येते. इंग्रजी अक्षर ती बऱ्यापैकी सोसतं. आपल्याकडे ती नेमकी शिरोरेखेवर आली तर अख्ख्या ओळीचं छप्पर उडतं.

शाई भरल्यावरही प्रिंटर ‘शाई संपली’ म्हणतच राहतो, कारण तो आत डोकावत नाही, फक्त छापलेलं मोजतो. कॅननच्या अनेक मॉडेलवर स्टॉपचं बटण पाच सेकंदांहून जास्त दाबून धरलं की तो गप्प बसतो.

रंगीत कार्ट्रिज घरी भरू नका, हे माझं स्पष्ट मत. एकाच डबीत तीन कप्पे, तीन भोकं, आणि कुठलं कशाचं हे टूथपिक घालून बघावं लागतं. मी निळ्यात मिलीभर जास्त टाकली. ती शेजारच्या पिवळ्यात उतरली आणि मुलीच्या प्रकल्पातला सूर्य पोपटी उगवला.

दुकानात भरून घेतलं तर आमच्याकडे दीडशे रुपये लागतात. वरच्याच हिशोबाने पान पडतं एक रुपया साठ पैशांना. हात निळे-काळे न होण्याचे साठ पैसे, काही वाईट सौदा नाही. फक्त समोर चाचणीचं पान काढून घ्या. एकदा मी तसंच खिशात घालून घरी आणलं होतं. कार्ट्रिज चाललं, शर्ट गेला.

आता टँकवाला प्रिंटर, म्हणजे ज्यात कार्ट्रिजऐवजी टाकी असते आणि बाटलीतून शाई ओततात तो. एप्सनच्या ००३ या काळ्या बाटलीत ६५ मिली शाई आणि ४,५०० पानांची क्षमता. बाटली चारशेच्या आत-बाहेर, म्हणजे पानाला नऊ पैसे. प्रिंटर मात्र बारा हजारांच्या घरात. जो दरवेळी नवं कार्ट्रिज आणतो, त्याचे हे बारा हजार सव्वादोन हजार पानांतच वसूल होतात. त्याने खुशाल टँक घ्यावा. जो घरी भरतो त्याला मात्र तेरा हजार पानं छापावी लागतील. महिन्याला तीनशे पानं असतील, म्हणजे घरात क्लास चालतो, तर साडेतीन-चार वर्षं. पन्नासच असतील तर बावीस वर्षं, आणि तोवर कुठला प्रिंटर टिकतो! शिवाय टँकवाल्यात हेड प्रिंटरच्या पोटात असतं. वापराविना सुकलं तर दुरुस्तीचा आकडा ऐकून खाली बसायला होतं. कार्ट्रिजचं हेड गेलं तर हजारात नवं येतं.

महिन्याला दहा-पंधराच पानं लागत असतील तर यातलं काहीच करू नका. आठवड्याला एक तरी पान निघालं नाही तर शाई वाळते, मग हेड क्लीनिंगमध्येच निम्मी जाते. मे महिन्यात तर बघायलाच नको. कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला पानाला पाच रुपये घेईना का.

माझं म्हणाल तर काळं घरी भरतो आणि रंगीत झेरॉक्सवाल्याकडे काढतो. प्रिंटरमधलं रंगीत कार्ट्रिज केव्हाच मेलंय, पण काढून टाकता येत नाही. दोन्ही खाचे भरलेले नसले तर माझा प्रिंटर कामालाच लागत नाही. सेटिंगमध्ये ‘फक्त काळं’ निवडलंय आणि ते आपलं जागेवर बसून आहे.