मार्लिन ३३६ : .३०-३० काढून .३८-५५

मार्लिन ३३६ या लिव्हर ओढून भरायच्या रायफलीची .३०-३० काडतुसाची जुनी नळी आतून गंजून खड्ड्यांनी भरली असेल, तर रिबोअरिंग (नळी आतून मोठी कापून तिला दुसऱ्या काडतुसाची, इथं .३८-५५ची, करणं) हा पैसे वसूल करणारा उपाय आहे. .३०८ इंचांचा व्यास .३७५पर्यंत जातो, म्हणजे प्रत्येक बाजूनं सुमारे ०.८५ मिमी धातू निघतो. खड्डे त्याहून उथळ असतील तर साफ जातात. मग नवं रायफलिंग (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचा), नवं चेंबर (काडतूस बसायची जागा). बाहेरून रायफल तीच.

.३८-५५च का? .३०-३०ची पुंगळी (काडतुसाचं पितळी आवरण) मुळात .३८-५५चीच तोंड आवळून केलेली. रिम (पुंगळीच्या बुडाची कड) तीच, म्हणून बोल्ट आणि एक्स्ट्रॅक्टरला (पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याला) हात लावावा लागत नाही. मार्लिननं ३३६ काउबॉय याच काडतुसात काढली होती. .३५ रेमिंग्टन काडतुसाचा मोह असेल तर रिम वेगळी, खर्च वाढतो.

.३७५ विंचेस्टर हे काडतूस मात्र टाळा. त्याची दाबमर्यादा ५२,००० सीयूपी (काडतुसाचा दाब मोजायचं एकक), .३०-३०ची ३८,०००, .३८-५५ची अवघी ३०,०००. गंमत म्हणजे .३७५ची पुंगळी आखूड (२.०२० इंच), त्यामुळे ती .३८-५५च्या चेंबरमध्ये बिनबोभाट बसते. .३०-३०सुद्धा बसते! म्हणून नळीवरचा जुना शिक्का खोडून नवा ठळक मारून घ्यायलाच हवा. काम करणारा ‘ते राहू द्या’ म्हणाला, तर रायफल त्याच्याकडे देऊ नका.

ऑर्डर देताना दोन गोष्टी लेखी घ्या. पहिली, रीमर (चेंबर कापायचं हत्यार) २.०८५ इंचांच्या पुंगळीचा की २.१२५च्या? स्टारलाइन ही कंपनी दोन्ही पुंगळ्या बनवते. आखूड चेंबरमध्ये लांब पुंगळीचं तोंड अडकून गोळी सुटत नाही आणि दाब चढतो. दुसरी, ग्रूव्हचा (रायफलिंगच्या खाचेचा) नेमका व्यास. .३८-५५च्या नळ्या .३७५ ते .३८० कुठंही सापडतात, म्हणून नळी हाती आल्यावर शिशाची गोळी आतून ठोकून मायक्रोमीटरनं मोजावी, मगच गोळ्या घ्याव्यात. शिशाची गोळी ग्रूव्हपेक्षा हजारांश इंच जाड हवी, सैल पडली तर नेम विखुरतो.

रायफल परत आल्यावर हेडस्पेस (बंद बोल्टपासून पुंगळी चेंबरमध्ये टेकते तिथवरचं अंतर) गेजनं तपासा. लिव्हर हळू ओढल्यावर पुंगळीचं रुंद तोंड चेंबरच्या काठाला अडत असेल, तर काठ किंचित पॉलिश करून भागतं. कॅरिअर (काडतूस चेंबरकडे उचलणारा भाग) घासू देऊ नका. ट्यूब मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागं एक राहतात, म्हणून चपट्या नाकाचीच गोळी; टोकदार कडक गोळी पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर (बुडातल्या ठिणगीच्या टोपीवर) टेकते आणि ते उडू शकतं. मागचा साइट उंच करावा लागेल, कारण .३८-५५ची २५५ ग्रेन वजनाची गोळी सावकाश जाते. हरणाला १०० यार्डांत पुरेशी, २००ला नाही.

भारतात हे काम परवानाधारकाकडूनच होऊ शकतं. शस्त्र कायदा १९५९च्या कलम ५ मध्ये रूपांतरही येतं.