बॅसिलस की स्ट्रेप्टोमायसिस: प्रकल्पासाठी मातीतला कोणता जीवाणू घ्यावा?

साल्मोनेला, लिस्टेरिया, स्टॅफिलोकोकस ऑरियस या अन्नातून आजार पसरवणाऱ्या जीवाणूंना मारणारा जीवाणू मातीत शोधायचा, तर बेळगाव भागात मातीची ददात नाही. खानापूरकडे जांभ्याची तांबडी, निपाणी-चिकोडीकडे उसाची काळी. भीमगड अभयारण्यातली माती मात्र वनखात्याच्या परवानगीशिवाय उचलू नका.

हातात सहाच महिने असतील तर बॅसिलस घ्या. वरचा पालापाचोळा सारून 10-15 सें.मी. खोलीवरची 1 ग्रॅम माती 9 मि.ली. निर्जंतुक सलाइनमध्ये घोळा आणि 80 अंश सेल्सिअसला 10 मिनिटे ठेवा. बाकीचे मरतात, बॅसिलसचे बीजाणू तगतात. पातळ करून न्यूट्रिअंट अगरवर (जीवाणू वाढवायच्या जेलीसारख्या माध्यमावर) पसरले की दुसऱ्या दिवशी वसाहती दिसतात. खरी अडचण पुढेच आहे. शिळ्या भातातून विषबाधा करणारा बॅसिलस सिरिअसही याच वाटेने येतो. म्हणून प्रत्येक वसाहत अंड्याच्या बलकाच्या अगरवर तपासा. भोवती पांढुरके गढूळ वलय आले तर ती बाजूला काढा. नुसत्या रक्त-अगरवर विसंबू नका, कारण सर्फॅक्टिन हे साबणासारखे द्रव्य बनवणारा निरुपद्रवी बॅसिलस सबटिलिसही रक्तपेशी फोडतो. चांगला प्रकार सापडला की तो द्रव माध्यमात वाढवा, त्यातल्या पेशी काढून उरलेला द्रव पीएच 2 वर आणा आणि रात्रभर 4 अंशांवर ठेवा. लिपोपेप्टाइड (बॅसिलसची जंतुनाशक द्रव्ये) तळाशी बसतात, ते मेथॅनॉलमध्ये विरघळवा.

स्ट्रेप्टोमायसिसला धीर लागतो. माती वाळवून 100 अंशांच्या कोरड्या उष्णतेत तासभर ठेवायची, मग स्टार्च केसीन अगरवर 28 अंशांना 7 ते 14 दिवस. बुरशी आवरायला मि.ली.मागे 50 मायक्रोग्रॅम सायक्लोहेक्झिमाइड घाला. हे विषारी आहे, हातमोजे घालाच. इतके दिवस प्लेटा उघड्या राहिल्या तर अगर सुकून तडकतो, त्यामुळे त्या पिशवीत ठेवा. वसाहत खडूसारखी भुकटी, अगरात रुतलेली, पहिल्या पावसाच्या वासाची. द्रव्य काढायला समभाग इथाइल ॲसिटेट. नवे रेणू सापडण्याची आशा इथे जास्त, पण स्ट्रेप्टोमायसिन 1943 मध्येच मातीतून मिळाले आहे. बऱ्याचदा असे जुनेच काहीतरी पुन्हा हाती लागते आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीशिवाय (रेणूच्या वस्तुमानावरून ओळख पटवल्याशिवाय) ते कळत नाही. ती सोय जवळ नसेल तर या वाटेला जाऊ नका. शिवाय माणसाच्या उपचारात लागणारे प्रतिजैविक अन्न टिकवण्यासाठी त्यात घालणे धोक्याचे.

दोघांचीही चाचणी रोगजंतू पसरलेल्या म्युलर-हिंटन अगरवर, त्यात पाडलेल्या 6 मि.मी.च्या विहिरीत (भोकात) 100 मायक्रोलिटर अर्क टाकून; भोवती जंतू न वाढलेले वलय दिसले की अर्क लागू पडला. नमुना आधी पीएच 7 वर आणा, नाहीतर आम्लानेच वलय पडते. नुसत्या द्रावकाची एक विहीर हवीच. लिपोपेप्टाइड अगरात नीट पसरत नाहीत, तेव्हा लहान वलय पाहून प्रकार टाकून देऊ नका; ब्रॉथमध्ये (द्रव माध्यमात) एमआयसी, म्हणजे वाढ थांबवणारे सर्वांत कमी प्रमाण, काढा. साल्मोनेला आणि ई. कोलाय यांना बाहेरचे जादा आवरण असते, त्यांच्यावर बरेच अर्क लागू पडत नाहीत. स्टॅफिलोकोकस आणि लिस्टेरिया त्या मानाने लवकर हार मानतात. तुमचे लक्ष्य साल्मोनेलाच असेल, तर पहिल्या फेरीपासून त्याच्यावरच चाळणी लावा.