दिवा लागला की कणकवली: बीएस-6 डिझेल पिकअप, 14 महिन्यांनंतर

गाडीने पहिला दगा दिला तो एप्रिलात, बागेतून वर येणाऱ्या चढावर. मागे हापूसचे 40 क्रेट. फिल्टरचा पिवळा दिवा चार दिवस पेटलेला होता. मी म्हटलं, पेटू दे. मग इंजिनाचा दमच गेला. अर्धे क्रेट उतरवून, गड्यांकडून ढकलून घेत मांगरापर्यंत आणली.

मायलेज, लोड, सीट सगळं ठीक. माझं भांडण एकाच वस्तूशी आहे, डीपीएफशी, म्हणजे धुराच्या नळीतल्या फिल्टरशी.

एप्रिल 2020 मध्ये बीएस-6, म्हणजे गाड्यांच्या धुराचे कडक नियम, आले आणि हे लचांड गळ्यात पडलं. धुरातली काजळी त्यात साचते. मग गाडी स्वतःच जादा डिझेल सोडून फिल्टर 600 अंशांच्या आसपास तापवते आणि ती जाळते. त्यासाठी पंधरा-वीस मिनिटं गाडी सलग पळायला हवी. आमची कुठे पळणार? बाग ते पॅकिंगची शेड चार किलोमीटर, त्यातले दोन कातळावरून. दिवसाला आठ फेऱ्या, आणि थांबलं की इंजिन बंद, कारण उभ्या गाडीत डिझेल जाळायची आमच्या घरात पद्धत नाही. चुलतभावाचा छोटा ट्रॅक्टर बिनफिल्टरचा. 2023 चे धुराचे कडक नियम 50 एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांना लागले, याचा सुटला. तो हसतो.

सर्व्हिस सेंटरात लॅपटॉप लावून काजळी जाळली, ऑइल बदललं, बिल हातात. वॉरंटी? "काका, गाडीत दोष नाही, चालवण्यात आहे." तासभर हुज्जत घातली. पण त्या पोराने ऑइल बदलण्याआधी मला डिपस्टिक दाखवली होती. ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर, आणि नाकाशी धरलं तर डिझेलचा वास. मी इंजिन मध्येच बंद केलं की जाळणी अर्धवट राहायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू, आणि प्रत्येक वेळी थोडं डिझेल ऑइलमध्ये उतरायचं. म्हणजे पोरगा खरं बोलत होता. बिल तरीही जास्तच होतं. त्यात ऑइल लो-अ‍ॅशच, म्हणजे कमी राखेचंच लागतं, कारण काजळी जळते, राख मात्र फिल्टरमध्येच राहते.

आणखी एक. जाळणी चालू असताना सुक्या गवतावर गाडी उभी करू नका. मे महिन्यात सड्यावर लावली, डबा उघडून बसलो, तर खालून धूर. गाडी पुढे घेतली आणि प्यायच्या पाण्याची कळशी गवतावर रिकामी केली.

आता दिवा लागला की नांदगाव तिठा, तिथून हायवेने थेट कणकवली. दम पुन्हा गेलेला नाही, हे कबूल करतो. पण रिकामी गाडी न्यायला जीव होत नाही. म्हणून कुणाचं खत, कुणाचे पत्रे, कुणाला स्टेशनवर सोडायचं. वाडीत विचारतात, "तुझो दिवो कधी लागतलो?" गेल्या मंगळवारी दिवा लागलाही नव्हता, तरी शेजारच्या काकू पिशव्या घेऊन पायरीवर हजर.