फ्रीझरमधली सोललेली व्हेनामी, 31/40: बर्फ किती, कोळंबी किती

सुपरमार्केटच्या फ्रीझरमधलं 500 ग्रॅमचं पाकीट, किंमत 399 रुपये. सोललेली, दोरा काढलेली व्हेनामी, म्हणजे तळ्यात वाढवली जाणारी मूळची परदेशी जातीची कोळंबी. 31/40 म्हणजे एका पौंडात, 454 ग्रॅममध्ये, 31 ते 40 नग.

साफसफाईला पैकीच्या पैकी गुण. शेपटीकडचा दोराही राहिलेला नाही, शिवाय नग सुटे गोठवलेले, त्यामुळे हवे तेवढेच काढता येतात. गोची वजनात आहे. कोळंबी चाळणीत घेऊन थंड पाण्याखाली वरचा बर्फ जाईपर्यंतच धुतली (आत वितळू द्यायची नाही), दोन मिनिटं निथळून तोलली. भरली 412 ग्रॅम, नग 38. म्हणजे पौंडाला जवळपास 42. बर्फासकट मोजले तरच 31/40 मध्ये बसतात. भावही किलोला 798 न राहता 968 रुपये पडला. बर्फाचा पातळ थर लागतोच, नाहीतर मांस सुकून पांढरं पडतं. पण तो निव्वळ वजनात धरायचा नसतो.

घटकांत बारीक अक्षरांत आयएनएस 451 हा खाद्यपदार्थात घालायच्या रसायनाचा क्रमांक आहे, म्हणजे फॉस्फेट. त्याच्या द्रावणात भिजवलेली कोळंबी पाणी धरून ठेवते. कच्ची असताना काचेसारखी चकचकीत नि बुळबुळीत लागते, आणि तव्यावर फेसाळ पाणी सोडते. मग ती परतली जाण्याऐवजी उकडते आणि चिवट होते. आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून वितळवा, कापडाने टिपून कोरडी करा, आणि तवा चांगला तापल्यावर थोडी थोडीच टाका. एवढं केलं तरी ताज्या कोळंबीची सर येत नाही.

किंचित मातकट वासही आहे. तो शिळेपणाचा नाही. कमी खारट पाण्याच्या तळ्यात निळं-हिरवं शेवाळ माजलं की जिओस्मिन हे मातीच्या वासाचं द्रव्य तयार होतं, ते मांसात उतरतं. कोकमाचं आगळ किंवा लिंबू लावून पंधरा मिनिटं ठेवली की वास बराच कमी होतो.

पाकिटावर हिरवं पान आणि ‘शाश्वत पद्धतीने वाढवलेली’ ही ओळ. कोणी तपासलं? मत्स्यशेती तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या एएससी आणि बीएपी या दोन व्यवस्थांपैकी एएससीची खूण नाही, बीएपीचा ताराही नाही. बीएपीचे चार तारे म्हणजे हॅचरी, खाद्याचा कारखाना, तळं आणि प्रक्रिया केंद्र, चारही तपासलेले. आपल्याकडे व्हेनामीला 2009 मध्ये परवानगी मिळाली, ती चौरस मीटरला जास्तीत जास्त 60 पिल्लं आणि रोगमुक्त पैदास अशा अटींवर. या तळ्याने त्या पाळल्या का, हे कळायला निदान बॅचवरून तळ्यापर्यंत पोचता यायला हवं. इथे फक्त पॅकिंग करणाऱ्याचा परवाना क्रमांक आहे. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान यांसारख्या बंदी असलेल्या औषधांच्या चाचणीबद्दल तर अक्षरही नाही. त्यामुळे त्या पानासाठी एक रुपयाही जास्त देऊ नये.

पुलाव, कालवण, भुर्जी यांना ही चालेल. तव्यावर रवा लावून तळायची असेल तर बाजारातून सालासकट घेऊन घरी सोला. आणि हेच पाकीट 330 च्या आत मिळालं, तरच उचला.