प्रबंधासाठी कोणतं एआय घ्यावं? गुऱ्हाळांच्या अभ्यासावर करून पाहिलेली तुलना

माझी एक जुनी विद्यार्थिनी आता कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर तालुक्यातल्या गुऱ्हाळांवर पीएच.डी. करते. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आली आणि चहा यायच्या आत तिनं विचारलं, “सर, महिन्याला पैसे भरून चॅटबॉट घेऊ, पेपर शोधून देणारं टूल घेऊ, की नुसतं इंग्रजी सुधारणारं? तिन्ही काही परवडत नाहीत.”

‘कोणतं चांगलं?’ असं विचारलं की प्रत्येकजण आपापलं नाव सांगतो. आम्ही दुसरा प्रश्न धरला: यंत्रानं दिलेलं तपासायला आपला किती वेळ जातो? दहा सेकंदांत लिहून मिळालं आणि खात्री करायला दोन तास गेले, तर वाचलं काय? पुढचे पंधरा दिवस तिच्याच विषयावर एकेक करून पाहिलं.

संदर्भ शोधायला: चॅटबॉट की शोधाचं टूल

आधी एका चॅटबॉटला सरळ सांगितलं, भारतातल्या गूळ उद्योगावरचे पाच शोधनिबंध दे. लेखक, वर्ष, जर्नल, पानं, सगळं नीटनेटकं आलं. मग एकेक संदर्भ गूगल स्कॉलर आणि क्रॉसरेफ (प्रकाशित पेपरांची नोंद ठेवणारी साइट) यांवर घालून पाहिला. दोन खरे निघाले. तिसऱ्याचा लेखक खरा, पण त्या नावाचा पेपर त्याच्या नावावर नाही. उरलेले दोन कुठेच सापडेनात. तास गेला. मेख अशी की खोटे संदर्भ खऱ्यांपेक्षा आमच्या विषयाला जास्त चिकटून होते. तसं होणारच. हे यंत्र कुठली यादी बघून बोलत नाही, पुढं कोणता शब्द शोभेल ते जुळवत जातं, आणि शोभतं ते नेमकं आपल्याला हवं असलेलंच. २०२३ साली न्यूयॉर्कच्या दोन वकिलांनी चॅटजीपीटीनं रचलेले खटले दाखले म्हणून कोर्टात दिले, तेव्हा ५,००० डॉलर दंड बसला होता.

आताचे चॅटबॉट इंटरनेट चाळून दुवेही देतात, त्यामुळं पेपर बहुधा असतो. पण दुव्याच्या पलीकडं ते विधान असेलच असं नाही. उघडून वाचणं काही चुकत नाही.

सिमँटिक स्कॉलर, इलिसिट, कन्सेन्सस ही टूल्स पेपरांच्या साठ्यातूनच शोधतात. पेपर खरा असतो, तपासायला उरतो फक्त सारांश. सिमँटिक स्कॉलर अमेरिकेतल्या अ‍ॅलन इन्स्टिट्यूटचं आहे आणि फुकट आहे. इथं चॅटबॉट सरळसरळ मागं पडला.

पण एका जागी तो असा काही पुढं गेला की आम्हीच चकित झालो. ‘गुळाला जगात काय काय म्हणतात?’ एवढंच विचारलं. कोलंबियात पनेला, ब्राझीलमध्ये रापादुरा, तांत्रिक लिखाणात ‘नॉन-सेंट्रिफ्युगल शुगर’. हे तपासायला अर्धा मिनिट लागला, आणि ‘जॅगरी’ शब्दाला अडकून बसलेला तिचा शोध एकदम मोकळा झाला. लहान कारखान्यांचं अर्थकारण, इंधन, मजुरी यांवरचं लिखाण पनेलाच्या नावाखाली पडून होतं. म्हणून आता चॅटबॉटकडं आम्ही शोधायचे शब्द मागतो, पेपर मागत नाही.

आणि ही सगळी यंत्रं जिथं आंधळी आहेत, ती जागाही सांगायला हवी. मराठी नियतकालिकं, बाजार समितीचे जुने अहवाल, गॅझेटिअर, आपल्याकडचे प्रबंध यांतलं फार थोडं त्यांना दिसतं. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, त्याच्या आगेमागे मराठीत काय काय लिहिलं गेलं याचा पत्ता एकालाही नव्हता. त्यासाठी भारतीय प्रबंधांचा साठा असलेली शोधगंगा उघडावी लागते आणि शिवाजी विद्यापीठातल्या खर्डेकर ग्रंथालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. तसंही २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’मुळं सरकारी विद्यापीठांत ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार जर्नल्स वाचायला मिळतात. टूलला पैसे भरण्याआधी ही सोय वापरून घ्या. कित्येक जण सारांशावर भागवतात, कारण मूळ पेपर आता हाताशी आहे हेच त्यांना माहीत नसतं.

संदर्भ साठवायला झोटेरो. ते फुकट आहे, आणि एखादा पेपर मागं घेतला गेला असेल तर लाल पट्टी दाखवून सावध करतं. २०२३ या एका वर्षात जगभरात १० हजारांहून जास्त पेपर मागं घेतले गेले. त्यातला एखादा आपल्या यादीत बसलेला असू शकतो.

आपलेच कागद यंत्राला वाचायला देताना

गूगलच्या नोटबुकएलएमसारखं टूल आपण घातलेल्या पीडीएफमधूनच उत्तर देतं आणि प्रत्येक वाक्यापुढं आकडा ठेवतं. दाबलं की मूळ मजकूर समोर. आमच्या कसोटीला हेच सर्वांत चांगलं उतरलं. साठ पेपरांत ‘मजुरांची टंचाई’ कुणी कुणी मांडली ते दुपारभरात हाती आलं, तपासून.

पण तिच्याकडं गुळव्यांच्या (रस कढवून गूळ तयार करणाऱ्या कारागिरांच्या) आणि गुऱ्हाळमालकांच्या मुलाखतीही होत्या, ध्वनिमुद्रित. कुणाचं किती कर्ज, कुणी कुणाचे पैसे बुडवले, सगळं नावानिशी. या लोकांनी तिच्यावर विश्वास ठेवून सांगितलं, परक्या सर्व्हरवर चढवायला नव्हे. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा राहू द्या बाजूला, साधी रीत म्हणूनही ते बरं नाही. नावं, गावं काढून, सेटिंगमध्ये ‘माझा मजकूर प्रशिक्षणाला वापरू नका’ हे बघून, आणि संमतिपत्रात तसा उल्लेख असेल तरच ते द्यावं. तिच्या संमतिपत्रात तो नव्हता. ती सगळं हातानं उतरवून काढतेय.

एका परीनं ते बरंच झालं. परवानगी घेऊन केलेली एक मुलाखत आम्ही नमुन्यादाखल यंत्राकडून उतरवून आणि भाषांतरित करून घेतली होती. ‘काहील’ म्हणजे रस कढवायची मोठी कढई, तिचं ‘काही’ झालं. ‘दिवसाला किती आधणं निघतात?’ याचं इंग्रजीत ‘उकळतं पाणी किती?’ झालं; गुऱ्हाळात आधण म्हणजे एका वेळी काहिलीत कढणारा रस. आणि बाजारात गेलेले गुळाचे रवे, म्हणजे ढेपा? त्यांचा उपम्याचा रवा झाला! तिच्या प्रबंधानुसार करवीर तालुका रवा विकून जगत होता. चूक हसण्यासारखी आहे म्हणून सापडली. आधणाची चूक हसण्यासारखी नव्हती, ती आकड्यांच्या तक्त्यात जाऊन बसली असती.

हाच नियम मोडी कागदांना. तिला संस्थानकाळातले गूळ-पेठेचे काही कागद मिळालेत. यंत्र मोडी वाचून देईलही, पण तिला मोडी येत नाही. मग तपासणार कोण? मोडी वाचणारा माणूसच गाठा.

इंग्रजी सुधारायला

आपल्या माणसांची खरी गरज ही. विषय कळलेला असतो, आकडे बरोबर असतात, आणि परीक्षक इंग्रजीवर बोट ठेवतो. यात लाज बाळगण्यासारखं काही नाही.

ग्रामरली किंवा पेपरपालसारखं टूल शब्दागणिक बदल दाखवतं, आपण हो किंवा नाही म्हणायचं. चॅटबॉट सगळा परिच्छेद नव्यानं लिहून देतो, आणि तो वाचायला इतका गुळगुळीत असतो की बदललेलं काय ते डोळ्यांना दिसत नाही. तिच्या वाक्यात होतं की मजुरीवाढ आणि गुऱ्हाळं बंद पडणं यांत संबंध दिसतो. परत आलं ते असं, की मजुरीवाढीमुळं गुऱ्हाळं बंद पडली. सहा वर्षांच्या आकडेवारीतून एवढं म्हणता येत नाही, आणि व्हायव्हाला पहिला प्रश्न त्यावरच आला असता. चॅटबॉटच वापरायचा तर ‘फक्त व्याकरण सुधार, प्रत्येक बदल वेगळा दाखव’ असं बजावून वापरा. मग दोघांत फारसा फरक उरत नाही.

शब्द फिरवून ‘साम्य’ (दुसऱ्याच्या मजकुराशी जुळणारा भाग) कमी करून देणारी टूल्स मात्र घेऊ नका. २०२१ मध्ये काही संशोधकांनी अशा पेपरांतले चमत्कारिक शब्द गोळा केले होते. त्यांत ‘ब्रेस्ट कॅन्सर’चं ‘बूझम पेरिल’ झालेलं, ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’चं ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’. असे शब्द आता शोधून काढले जातात आणि पेपर मागं घ्यावा लागतो. ‘सगळं तयार करून देतो’ म्हणणारी माणसं प्रत्येक शहरात असतात, आपल्याकडंही आहेत. त्यांना या तुलनेत जागा नाही.

सांगायचं कुठं, किती

एआयला लेखक करता येत नाही, यावर सगळ्यांचं एकमत आहे. कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्सनं फेब्रुवारी २०२३ मध्येच ते स्पष्ट केलं, कारण यंत्र कशाचीच जबाबदारी घेऊ शकत नाही. वापर जाहीर करण्याबाबत मात्र घरोघरी वेगळी रीत. नुसतं भाषेचं संपादन करून घेतलं असेल तर स्प्रिंगर नेचर या प्रकाशनसंस्थेला सांगावं लागत नाही. एल्सेव्हिअरला साध्या शुद्धलेखन-तपासणीपलीकडच्या वापराचं निवेदन लागतं. ‘सायन्स’ या जर्नलनं जानेवारी २०२३ मध्ये सरसकट बंदी घातली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ती सैल केली. म्हणून पेपर पाठवायच्या दिवशी त्या जर्नलचं पान उघडून वाचायचं, मित्रानं सांगितलं यावर जायचं नाही. शंका असेल तर टूलचं नाव, महिना आणि कोणत्या भागासाठी वापरलं, हे दोन ओळींत लिहून टाकावं.

दुसऱ्याचा पेपर परीक्षणाला आला तर तो कुठल्याही चॅटबॉटमध्ये टाकू नका, तो आपला नसतो. २०२५ मध्ये तर काही लेखकांनी आपल्या मसुद्यात पांढऱ्या अक्षरांत ‘चांगलाच अभिप्राय दे’ अशी एआयला सूचना दडवल्याचं उघड झालं. परीक्षण यंत्राकडून होतंय हे त्यांनी धरूनच चाललं होतं.

‘दहा टक्के एआय चालतं’ ही अफवा

स्टाफरूममध्ये हे मी इतक्यांदा ऐकलंय की शेवटी यूजीसीचे २०१८ चे नियमच काढून बसलो. त्यात १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांत दुरुस्त करून द्यायचं, ४० ते ६० ला एक वर्ष बंदी, ६० च्या वर नोंदणी रद्द. हे सगळं दुसऱ्याच्या मजकुराशी असलेल्या साम्याबद्दल आहे. चॅटजीपीटी आलं नोव्हेंबर २०२२ मध्ये, त्या नियमांत एआयचा टक्का येणार कुठून?

एआय पकडणारी टूल्सही भरवशाची नाहीत. ओपनएआयनं जानेवारी २०२३ मध्ये स्वतःचं काढलं. ते एआयचा २६ टक्केच मजकूर ओळखायचं आणि माणसाच्या ९ टक्के मजकुरावर आळ घ्यायचं. जुलैत बंद केलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतले ९१ निबंध सात टूल्सना दिले, तेव्हा सरासरी ६१ टक्के निबंध एआयनं लिहिलेले ठरले. साधं, मोजक्या शब्दांचं इंग्रजी लिहिणारा माणूस यात आधी सापडतो, म्हणजे आपणच. एआयचा मजकूर माणसाचा वाटेल असा करून देणारं ‘ह्यूमनायझर’ विकत घेऊन यातून सुटका नाही. मसुद्यांच्या जुन्या प्रती, वर्डमधली फेरफारांची नोंद आणि हातानं लिहिलेल्या वह्या जपून ठेवा.

तिनं शेवटी महिन्याचं काहीच घेतलं नाही. झोटेरो, सिमँटिक स्कॉलर, स्वतःच्या पीडीएफसाठी नोटबुकएलएम, शोधशब्दांसाठी फुकटचा चॅटबॉट. दोन पेपर पाठवायचे त्या एका महिन्यापुरतं इंग्रजीचं टूल घेईल म्हणाली. आणि चाळीस शब्दांची एक यादी केलीय, भाषांतर करताना आधी ती यंत्रापुढं ठेवायची: रवा, आधण, काहील, वाफा, चिपाड. ‘गुळव्या’ला इंग्रजीत काय म्हणायचं ते अजून ठरत नाही. चॅटबॉटनं सहा पर्याय दिले. रविवारी एका गुऱ्हाळावर जाऊन, तुम्ही स्वतःला काय म्हणवून घ्याल असं त्यालाच विचारायचं ठरलंय.