मढ्यांचे दोन गेम: एक तासाभराचा, एक न संपणारा

पुण्यात नवी पेठेतल्या वैकुंठ स्मशानभूमीत विद्युतदाहिनीचं बटण दाबलं की दहा मिनिटांत आपण बाहेर, चहाच्या टपरीवर. आतलं काम करणाऱ्याचा चेहराही आठवत नाही. ‘अ मॉर्टिशियन्स टेल’ (२०१७, लॉन्ड्री बेअर गेम्स) हा व्हिडिओ गेम तुम्हाला नेमका त्याच माणसाच्या जागी बसवतो. तुम्ही चार्ली. देह धुवायचा, एम्बामिंग (देह टिकावा म्हणून आत रसायनं भरणं) करायचं किंवा दहन, मग अंत्यविधीला जाऊन नातेवाइकांचं बोलणं ऐकायचं. मधल्या वेळात ईमेल. घरगुती धंदा मोठी कंपनी विकत घेते, आणि ईमेलांचा सूर हळूहळू बदलत जातो. खरी गोष्ट तिथेच आहे. चुकायला वाव जवळजवळ नाही, म्हणून काहींना हा गेमच वाटत नाही. मला वाटला. जांभळट रंगांत तो देह पुसताना माझा हात आपोआप हळू झाला.

‘ग्रेव्हयार्ड कीपर’ (२०१८, लेझी बेअर गेम्स) म्हणजे दुसरं टोक. इथे गाढव मढी आणून टाकतं आणि पुढे गाजरं मागतं! मढ्याचं मांस खानावळीला विकता येतं. विनोद काळा, पण हिशेब अस्सल दुकानदारी: लाकूड तोडा, दगड फोडा, कबरी सजवा. वीसेक तासांनंतर मढं म्हणजे नुसता कच्चा माल.

गेम बनवणाऱ्या दोन्ही कंपन्यांच्या नावात ‘बेअर’, म्हणजे अस्वल, हा निव्वळ योगायोग.

पैसे वसूल करायचे असतील तर दुसरा घ्या, महिनाभर पुरेल. मी मात्र पहिलाच घेईन, रविवारी दुपारी, घर झोपलेलं असताना.