ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ पुरे की माथाडीसारखा कायदा पायजे?

हंगाम सुरू झाला की कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ, कागल, करवीरच्या फडात बीडकडनं टोळ्या येतात, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि हिशोब सगळा मुकादमाच्या (टोळी आणणाऱ्या ठेकेदाराच्या) उचलीवर, म्हणजे आगाऊ दिलेल्या पैशावर. ह्यांच्यासाठी सरकारनं काय करावं ह्यावर दोन मतं आहेत.

एक म्हणजे गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ. कारखान्याकडनं टनामागं पैसे घ्यायचे, त्यातनं योजना, पोरांची वसतिगृहं. वसतिगृहं चांगलीच, पोरगं शाळेत टिकतं. पण योजना म्हणजे सरकारच्या मर्जीवर, निधी आला तर आला.

दुसरं म्हणजे माथाडी, म्हणजे ओझी उचलणाऱ्या हमालांसाठीचा १९६९ चा कायदा, त्या धर्तीवर ह्यांनाही कायदा. माथाडीत कामगाराची नोंदणी बोर्डाकडं, मजुरी बोर्डातनं आणि पीएफ, बोनस, ग्रॅच्युइटीसाठी मालकाकडनं लेव्ही (मजुरीवर जादा आकारणी), म्हणजे हक्क कायद्यानं मिळतो, कुणाच्या पाया पडायला लागत नाही. ऊसतोडीत हे आलं तर मुकादमाची पकड सुटंल आणि बाईची मजुरी तिच्या स्वतःच्या खात्यात जाईल, आज कोयत्याच्या हिशोबात ती वेगळी दिसतच नाही! अंमलबजावणी अवघड हाय, माणसं दरवर्षी जिल्हा बदलतात, तरी माझं मत कायद्यालाच. वसतिगृहं त्याच्या जोडीला चालू ठेवा.